सतरा नंबरचा वेगळा तक्ता

टेबलावर चोवीस नळ्या होत्या. आयोडीनची एक तपकिरी बाटली, दोन ड्रॉपर, सदतीस अंशांवर ठेवलेलं गरम पाण्याचं एक भांडं, तांदळाच्या पिठाचं अर्धा लिटर पातळ द्रावण आणि एक स्टॉपवॉच. बाहेरच्या बाकांवर तेवीस माणसं.

मी दोनदा मोजलं. तेवीसच.

"प्रितेश कुठाय?" मी प्रयोगशाळेच्या दारातून विचारलं. यादीत सतरावं नाव त्याचं होतं.

"पळाला ताई. मुलींसमोर थुंकायची लाज वाटते म्हणाला."

बाकांवर हशा पिकला. मला हसू आलं नाही. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, माझा प्रबंध लाळेवर होता, आणि मॅडमनी मंजूर केलेल्या कागदावर चोवीस लिहिलेलं होतं.

आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. घास तोंडात गेल्यापासूनच ते भातातल्या स्टार्चचे तुकडे करायला लागतं. भात खूप वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळेच. मला मोजायचं होतं, पनवेलच्या माणसांची लाळ हे काम किती वेळात संपवते. रीत सोपी आहे. लाळ आणि तांदळाचं पाणी एकत्र करायचं, दर दहा सेकंदांनी एक थेंब आयोडीनवर टाकायचा. निळा झाला म्हणजे स्टार्च शिल्लक आहे. ज्या थेंबाला निळा रंग येत नाही, तिथे घड्याळ थांबवायचं.

"नीता मॅडम कुठे भेटतील? तांदळाचे नमुने आणलेत."

मी वळून पाहिलं. दारात एक उंच मुलगा उभा होता. हातात कापडी पिशव्या, शर्टाच्या खिशावर एका कंपनीचं ओळखपत्र, भुवयांवर पांढरी पिठासारखी धूळ.

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत. तुम्ही... मोकळे आहात का?"

"कशासाठी?"

"थुंकायला."

त्यानं पिशव्या हळूच खाली ठेवल्या. "सगळीकडे 'येथे थुंकू नये' लिहिलेलं असतं," तो म्हणाला. "आग्रह करणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं."

मी फॉर्म पुढे केला. नाव इमाद. वय सत्तावीस. राहणार उरण. काम जासईच्या कंटेनर यार्डात, परदेशी जाणाऱ्या तांदळाचे नमुने काढायचं. गेल्या दोन तासांत काही खाल्लं का, या प्रश्नापुढे त्यानं 'नाही' लिहिलं. मी त्याला नळी दिली आणि बाहेर भीमाबाईंकडे पाठवलं. त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी. नमुने गोळा करायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं होतं, म्हणजे मला आत घड्याळ सांभाळता येत होतं.

सगळ्यांच्या नळ्या पटापट भरून आल्या, दोन-दोन मिनिटांत. सतरा नंबरची तेवढी येईना. शेवटी भीमाबाईच त्याला आत घेऊन आल्या. "याला येल लागंल," म्हणाल्या आणि समोरच्या स्टुलावर बसवून गेल्या.

तो ओठांना नळी लावून बसला. मान खाली, डोळे वर.

"इतका वेळ?" मी म्हटलं. "घाबरलात का? माणूस घाबरला की लाळ आटते. हे पुस्तकात आहे."

त्यानं नळी बाजूला केली. "मग आटणारच. तुम्ही अशा बघताय..."

"मी नळीकडे बघतेय."

"नळी माझ्या तोंडाला आहे."

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिलिलिटर भरायला त्याला अकरा मिनिटं लागली. एवढ्या वेळात त्याच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे, हे माझ्या लक्षात आलं. ते वहीत कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

*

आकडे आले ते असे. तेवीस जणांना नऊ ते चौदा मिनिटं लागली. सतरा नंबरला अडीच.

नीता मॅडमनी तक्ता वाचला आणि लाल पेननं सतरावर एक आडवी रेघ मारली.

"हा काढून टाक. बाकी तेवीस छान आहेत."

"का काढायचा मॅडम?"

"बसत नाही म्हणून."

"पण मोजलाय मी. चूक सापडली तर काढेन. बसत नाही म्हणून नाही काढणार."

मॅडमनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या हाताखाली आम्ही नऊ जण होतो आणि त्यांना नऊ प्रबंध वेळेवर द्यायचे होते. "सफूरा, आठ दिवस राहिलेत. उशीर झाला तर ऑक्टोबर. तुझ्या घरचं तूच मला सांगितलंयस ना?"

सांगितलं होतं. अब्बांनी मला एकच वर्ष दिलं होतं. मार्चमध्ये प्रबंध गेला तर पीएचडीला त्यांची ना नव्हती. नाही गेला तर अब्बांच्या बहिणीनं, फुफीनं आणलेलं दोहाचं स्थळ होतं. ईदला तो सुट्टीवर येणार होता. त्याच्या फोटोत तो एका मोठ्या गाडीला टेकून उभा होता. गाडी कुणाची, ते फुफीलाही माहीत नव्हतं.

एक रेघ मान्य केली की सगळं सुरळीत होतं.

"मी सतरा नंबर पुन्हा तपासते," मी म्हटलं.

संध्याकाळी फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला.

"हॅलो, मी सफूरा मुकादम. पनवेलच्या कॉलेजातून. तुमची लाळ पुन्हा हवी आहे."

"आवडली का?" त्यानं विचारलं.

"शंका आहे तिच्याबद्दल."

"उद्या तीनला येतो. शंका ठेवायची नाही."

*

तो तीनला आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला. जासईहून मोटरसायकलनं, ट्रकांच्या रांगांमधून वाट काढत, भुवयांवर तीच तांदळाची धूळ घेऊन. पुन्हा अडीच मिनिटं. तिसऱ्यांदा दोन मिनिटं वीस सेकंद.

"म्हणजे मी पास?" त्यानं विचारलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो होतो. ते नेमकं कुणी सुरू केलं, याची नोंद माझ्याकडे नाही.

"म्हणजे तू विचित्र. मॅडम म्हणतात, हजारात असा एखादा असतो, त्याला सोडून द्यावं."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी सोडत नाही."

हे ज्या अर्थानं म्हटलं, त्याहून जरा मोठ्यानं म्हटलं गेलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. कान लाल झाले होते.

"आमच्याकडे," थोड्या वेळानं तो म्हणाला, "परखी असते. टोकदार, पोकळ सळई. पोत्यात खुपसायची, मूठभर तांदूळ बाहेर काढायचा. त्या मुठीवर अख्खा कंटेनर पास किंवा नापास. मागे एकदा तेवीस पोती दमट निघाली आणि एकच कोरडं. साहेब म्हणाले, कोरडं सोड, कंटेनर नापास कर."

"मग?"

"परखी बघितली. आतून ओली होती. कुणीतरी धुऊन तशीच ठेवलेली. ते कोरडं पोतं मी दुसऱ्या, सुक्या परखीनं काढलं होतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू पोती तपासतेयस, सफूरा. परखी बघ."

मी वही मिटली.

"उठ. बाहेर जा. पहिल्या दिवशी माझ्याकडून नळी घेतल्यापासून जे जे झालं, ते तसंच्या तसं कर. बोलत बोलत कर."

तो बाहेर गेला. मी मागून. "इथे बसलो. शेजारी टोपीवाला मुलगा. भीमामावशी आल्या. मला ग्लास दिला—"

"कसला ग्लास?"

"कोकम सरबताचा. सगळ्यांनाच देत होत्या. मी घेतला नाही, रोजा होता. म्हटलं मावशी, माझा..."

"तुझा रोजा होता?"

तो थांबला. मी दाराकडे बोट दाखवलं. दारावर माझ्याच अक्षरात पाटी होती: *रोजा असणाऱ्यांचा नमुना घेतला जाणार नाही.*

"दार उघडं होतं," तो म्हणाला. "पाटी भिंतीकडे होती. वाचली ती दुसऱ्या दिवशी."

"आणि तरीही बोलला नाहीस?"

"तू मला परत पाठवलं असतंस."

ते खरं होतं. उपाशी तोंडाची लाळ वेगळी असते, हे मला स्वतःवरून माहीत होतं. माझाही रोजा चालू होता. दुपारी तीनला पाच मिनिटांत माझी दीड मिलिलिटर भरायची. रोज तेवढीच, मी मोजून ठेवली होती. म्हणून तर रोजेदारांना वगळायचा नियम केला होता. पण या क्षणी मला त्याच्यावर रागवायला वेळ नव्हता. मी फ्रीजरकडे पळाले.

उरलेले नमुने तिथे होते. मी एकेकाला आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी लावत गेले. पहिली पट्टी नारिंगी. दुसरी नारिंगी. तिसरी, चौथी... तेवीस नारिंगी. आंबट. सतरा नंबरची हिरवी.

आंबटात अमायलेज मरगळतं. हे मला दुसऱ्या वर्षापासून पाठ होतं. वहीत एकोणीस नळ्यांसमोर मी स्वतः 'फिकट गुलाबी' लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, पोरांच्या हिरड्यांतलं रक्त असेल, आणि मी मान डोलावली होती. पट्टी पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. लाळ साधारणपणे आंबट नसते असं पुस्तकात होतं, म्हणून मी लावली नव्हती.

भीमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"पोरांची तोंडं सुकलेली," त्या म्हणाल्या. "थुकी येत नवती. मी म्हनलं आंबट दिलं का तोंडाला पानी सुटंल. तुजं काम बेगीन व्हईल."

"मावशी, मला का नाही सांगितलं?"

"तुजा रोजा हाय ना गं. ग्लास तुज्यासमोर कसा आणू? जग पण पदराखाली झाकला होता मी." त्यांचा आवाज बारीक झाला. "माज्या सरबतानं तुजी परीक्षा नासली?"

मी त्यांचा हात धरला. मला रडू येत होतं आणि हसूही. शेवटी हसूच आलं.

*

"पाच दिवस," नीता मॅडम म्हणाल्या. "तेवीस जणांना पुन्हा कुठून आणणार? आहे तेच लिही. कुणी विचारणार नाही."

"मी विचारेन मॅडम."

"काय?"

"आयुष्यभर. स्वतःलाच. तेवीस माणसांची लाळ म्हणून कोकम मोजलं मी. ते तसं छापून कसं देऊ?"

"नाही जमलं तर?"

"ऑक्टोबर." हा शब्द उच्चारताना माझ्या डोळ्यांसमोर ती मोठी गाडी येऊन गेली. "पण खोटा आकडा देणार नाही."

मॅडमनी ड्रॉवरमधून प्रयोगशाळेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या कुणाचा तरी प्रबंध वाचायला घेतला.

इमादनं यादीचा फोटो काढला. पुढचे चार दिवस तो कामावरून सुटला की माझ्या यादीतल्या माणसांना शोधत फिरायचा. एकाला त्यानं नवीन पनवेलच्या जिममधून उचललं, एकाला सलूनमधून, अर्धी दाढी झालेली असताना. "ताई, हा माणूस कोण आहे?" त्या मुलानं गालाला फेस तसाच असताना मला विचारलं. "म्हणाला, देशाला तुझ्या लाळेची गरज आहे."

"देशाला नाही," मी म्हटलं. "मला."

"एकच ते," मागून इमाद म्हणाला.

भीमाबाई बाकापाशी हात मागे बांधून उभ्या राहायच्या. कुणी पाणी मागितलं तरी आधी मला विचारायच्या. "तोंडाला पानी आपोआप सुटंल तेवा सुटंल," पोरांना दटावायच्या. "आमी नाय मदत करनार."

तेवीसपैकी एकवीस आले. एक गावाला गेला होता, एकाला गोवर झाला होता. प्रत्येक नळीला आधी पट्टी लावली. एकवीस हिरव्या. लागलेला वेळ दोन मिनिटं दहा सेकंदांपासून चार मिनिटांपर्यंत. सरासरी तीन मिनिटं पाच सेकंद.

मी तक्ते बनवायला बसले. पहिला तक्ता, कोकम सरबतानंतर, तेवीस जण. दुसरा, सरबताशिवाय, एकवीस जण. चूक कशी झाली, ते एका पूर्ण पानावर. मग पेन थांबलं.

"काय झालं?" इमादनं विचारलं.

"तुला काढावं लागतंय."

"मला?"

"रोजेदार घ्यायचे नाहीत, हा माझाच नियम. तो मी आधी केला होता, तुझा आकडा बघून नाही. आता मोडला तर मॅडमच्या त्या लाल रेघेत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"म्हणजे माझ्यासाठी एवढं भांडलीस, आणि शेवटी तूच काढणार."

"दुसऱ्या तक्त्यातून."

"मग मी कुठे?"

"तिसरा तक्ता." मी वर न बघता रेघा आखायला लागले. "क्रमांक सतरा. वेगळा. एकट्याचा."

आखलेली रेघ वाकडी आली. खोडून पुन्हा आखली.

*

शेवटच्या दिवशी दोन वाजता मॅडमनी सही केली. चुकीचं पान त्यांनी दोनदा वाचलं. "कोकम सरबत हा शब्द या विभागाच्या प्रबंधात पहिल्यांदा आला," त्या म्हणाल्या, आणि सहीखाली तारीख घातली. अडीचला मी प्रत ऑफिसात जमा करून पावती घेतली.

तीनला तो आला. आज भुवयांवर धूळ नव्हती. इस्त्रीचा शर्ट होता.

"प्रबंध गेला," मी म्हटलं. "आता नमुना नको."

"मला द्यायचाय." त्यानं स्वतःच रिकामी नळी उचलली, कोरा फॉर्म ओढला, खाली वाकून भरला आणि उलटा करून माझ्यापुढे सरकवला. "तू म्हणाली होतीस, माणूस घाबरला की लाळ आटते. मोज. पाच मिनिटं." आणि नळी ओठांना लावून बसला, मान खाली, डोळे वर.

मी स्टॉपवॉच सुरू केलं. फॉर्म सुलटा केला. नाव, वय, राहणार, काम. गेल्या दोन तासांत काही खाल्लं का: *नाही, रोजा आहे, पाटी वाचली आहे.* खाली 'इतर माहिती' असा एक रकाना असतो. तो कुणीच भरत नाही.

*सफूरा मुकादमशी लग्न करायची इच्छा आहे. तिची हरकत असल्यास तसं लिहावं.*

मी वर पाहिलं. त्याला बोलता येत नव्हतं. ओठाला नळी होती आणि डोळे माझ्या पेनावर.

"हे बघ," मी म्हटलं, "मध्ये बोलू नकोस, नमुना बिघडेल. तुझ्या अम्मीला स्थळ घेऊन आमच्याकडे पाठवायचं नाही. अब्बांना मी सांगणार, मी स्वतः, आज इफ्तारनंतर. फुफी आरडाओरडा करेल, तो मी ऐकून घेईन. दोहावाल्याला नाही म्हणायला दुसऱ्या कुणाला पुढे करणार नाही. पीएचडी करणार. पाच वर्षं लागतील, सहाही लागतील. घरात फ्रीजर लागेल आणि त्यात फक्त कोळंबी नसेल."

तो नळीसकट मान हलवायला लागला.

"मान हलवू नकोस. सांडेल." मी फॉर्म पुढे ओढला. त्याच्या ओळीखाली लिहिलं: *हरकत नाही.* सही केली. तारीख घातली. मॅडमसारखीच.

मग उभ्यानं काही सुचेना. मी घड्याळ बघितलं, वेळ टिपून घेतली, दुसरी नळी उचलली आणि त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले.

भीमाबाई झाडू घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. आम्ही दोघं समोरासमोर, ओठांना नळ्या लावून, एक शब्द न बोलता एकमेकांकडे बघत बसलो होतो. त्यांनी टेबलावरचा फॉर्म बघितला. वाचायला वेळ लागला.

"आता गं बाय," त्या म्हणाल्या. "लगीन ठरवतायत आन थुकत बसलीत."

त्याचे खांदे हलायला लागले. मी डोळे वटारले. हसायचं नव्हतं, अजून वेळ संपायची होती.

त्याची पाच मिनिटं झाली, मग माझीही. मी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या आणि वहीत लिहिलं.

क्रमांक सतरा. पाच मिनिटं. ०.४ मिलिलिटर.

सफूरा मुकादम. पाच मिनिटं. ०.२ मिलिलिटर.